मागच्या ब्रेकचा माणूस

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा मोटरसायकलवरून अंडी पोचवतो. एका ट्रेमध्ये तीस, असे बारा ट्रे मागच्या सीटवर रबरी पट्ट्यांनी बांधून तो सकाळी सहाला निघतो आणि अकराच्या आत पाच बेकऱ्या आणि वीस-बावीस दुकानं उरकतो. गेल्या सात वर्षांत त्याची किती अंडी फुटली, हे आमच्या घरात कुणालाही विचारा. एकोणीस. हा आकडा माझ्या आईला तोंडपाठ आहे. माझं वय विचारलंत तर तिला बोटं मोजावी लागतात.

दिसायला म्हणाल तर माणूस अगदी बेताचा. बारीक अंगाचा, डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागतं. दार लावतो तेव्हा आवाज नाही, जेवताना आवाज नाही, शिंक आली तरी उठून बाहेर जातो. लग्न ठरवताना मीच म्हणालो होतो, मुलगा गरीब आहे, कुणाला त्रास देणार नाही. त्रास मलाच होणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

मी गाड्यांचा मिस्त्री. घराच्या खालीच माझं गॅरेज आहे, आणि आमच्या भागातल्या निम्म्या मोटरसायकली माझ्या हाताखालून जातात. ब्रेकबद्दल माझं मत पक्कं होतं. गाडी थांबवतो तो पुढचा ब्रेक. मागचा आपला नावापुरता. कुणी मागचे ब्रेक शू झिजवून आणले की मी त्याला चारचौघांत झापायचो. मेहुण्याचे मागचे शू तर दर आठ महिन्यांनी बदलावे लागायचे.

“भाऊजी, पाय पेडलवर ठेवूनच फिरता की काय?” मी विचारायचो.

“नाही हो दादा, लागेल तेव्हाच,” तो म्हणायचा आणि गप्प बसायचा. भांडायलासुद्धा माणूस उपयोगाचा नाही.

मग आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या मानेला मार बसला. डॉक्टरांनी गळ्याला जाड पट्टा बांधला आणि आठवड्यातून तीन दिवस शेक आणि व्यायाम घ्यायला दवाखान्यात बोलावलं. मानेला धक्का बसता कामा नये, असं दोनदा बजावलं. चारचाकी आमच्या गल्लीत शिरत नाही आणि रिक्षात तिला हादरे सोसेनात. राहिली मोटरसायकल. घरचा मिस्त्री असताना चिंता कसली, असं मीच म्हणालो.

पहिल्याच वळणावर एक हातगाडी आडवी आली. मी पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, पण थांबताना तिने नाक खाली घातलं आणि आई माझ्या पाठीवर आदळली. “आई गं!” एवढंच ती म्हणाली. पुढे सिग्नलला तेच झालं, दवाखान्याच्या फाटकाशीही तेच. परत निघताना ती गाडीवर बसायलाच तयार होईना. भर उन्हात, गळ्याला पट्टा बांधून, अर्धा तास चालत आली. मी शेजारून गाडी ढकलत होतो. ओळखीची माणसं विचारत होती, “काय मिस्त्री, गाडी बंद पडली?”

घरी आल्यावर तिने पाणीही प्यायलं नाही. माझ्यादेखत फोन लावला. “जावईबापू, परवा तुम्हाला जमेल का हो?”

जावईबापूंना जमलं. अंडी उरकून ते अकराला दारात हजर. आईला बसवण्याआधी तो रिकामी गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणतो, ही त्याची जुनी सवय. अंड्यांच्या आधीही तेच करतो. मग उतरून आईला आधार देऊन बसवलं आणि निघाला. तासाभराने आई परत आली ती हसतच.

“थांबलो कधी, निघालो कधी, कळलंसुद्धा नाही रे!” ती मला म्हणाली. मी हातातलं चाक तसंच गरगर फिरवत राहिलो.

पुढचे पंधरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. दहा वाजल्यापासून आई केस विंचरून खुर्चीत बसलेली असायची. गल्लीत त्याच्या गाडीचा आवाज आला की चेहरा खुलायचा. येताना ती दमलेली असायची. शेकल्यावर तिला गुंगी येते. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की मला गॅरेजमधून दिसायचं, तिने डोळे मिटून कपाळ त्याच्या पाठीवर टेकलेलं असायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. एवढा विश्वास! बारा ट्रे अंड्यांची जागा मिळाली म्हणून एवढा आनंद! मी तिचा पोटचा मुलगा, आणि माझ्या पाठीवर तिने फक्त नाक आपटून घेतलं होतं.

त्यातच त्याचे शू झिजले, आणि एके दिवशी अंडी उरकल्यावर, आईला न्यायच्या आधी त्याने गाडी माझ्याकडे दिली. आता जे सांगतो ते मी अजून बहिणीला सांगितलेलं नाही. नवे शू बसवले. मागच्या ब्रेकच्या कांडीला टोकाशी एक नट असतो. तो फिरवला की ब्रेक कमी-जास्त लागतो. तो बरोबर जागी आणला आणि मग आणखी दोन आटे घट्ट केला. आता पेडलला पाय लागताच ब्रेक कचकन लागणार होता. अपघात होईल असं काही नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली. एकच झटका बसावा आणि आईने म्हणावं, “जावईबापू, आज हे काय?” एवढंच मला हवं होतं. झटका कुणाच्या मानेला बसणार, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी पान्हा पुसून जागेवर ठेवला.

अर्ध्या तासाने मी गॅरेजच्या दारात उभा. आई जिन्यावरून उतरत होती. तो नेहमीप्रमाणे रिकामी गाडी कोपऱ्यापर्यंत घेऊन गेला. तिथून येताना मला गाडीचा झटका लांबूनच दिसला. तो परत आला, उतरला, मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि बोटांनी नट फिरवला. एक आटा. मग आणखी एक. माझे दोन्ही आटे त्याने बरोबर परत केले.

“काय झालं हो?” आईने विचारलं.

“काही नाही आई. नवे शू आहेत, जरा बसायला वेळ लागतो. दादांनी काम झकास केलंय.” माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

त्याने आरडाओरडा केला असता तर मी दोन शब्द ऐकवून मोकळा झालो असतो. त्याने मला सांभाळून घेतलं. मला लाज वाटली हे खरं. पण चांगुलपणातही हाच पुढे, याने मी जास्त जळलो हेही तितकंच खरं.

पुढच्या आठवड्यात एका बेकरीच्या पायरीवरून त्याचा पाय मुरगळला. ट्रे वाचवले, घोटा गेला. उजवा, मागच्या ब्रेकचाच. तीन आठवडे प्लास्टर. खोटं कशाला बोलू, बातमी ऐकून मला आधी आनंद झाला आणि मग वाईट वाटलं.

आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. “राहू दे आता व्यायाम,” आई म्हणाली. “मान आहे तशी राहील.” तिची मान डावीकडे अजून वळत नव्हती, आणि माझ्या गाडीवर बसण्यापेक्षा तिला ती तशीच चालणार होती.

मी बहिणीकडे गेलो. तो पलंगावर पाय लांब करून बसला होता. तब्येतीची विचारपूस झाली, चहा झाला, हवापाण्याच्या गप्पाही संपल्या. शेवटी जिवावर उदार होऊन विचारलं, “भाऊजी, तुम्ही नक्की करता काय?”

माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारात थबकली. तो मात्र जराही हसला नाही.

“आधी मागचा, दादा. अगदी थोडा, आणि लवकर. गाडी जरा खाली बसते. मग पुढचा. थांबवतो पुढचाच, तुमचं बरोबर आहे. थांबायच्या क्षणाला पुढचा सैल सोडायचा, शेवटचं हातभर अंतर मागच्यावर.”

“थोडा म्हणजे किती?”

त्याने विचार केला आणि पलंगावरून वाकून उजवा हात, तळवा वर करून, जमिनीजवळ धरला. “पाय ठेवा.”

“छे! काहीतरीच काय!”

“ठेवा हो. तोंडाने नाही सांगता येत.”

मी चप्पल काढली आणि धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या तळहातावर पाय ठेवला. इतकं अवघडल्यासारखं मला जन्मात झालं नव्हतं. “दाबा,” तो म्हणाला. मी दाबला. “हे तर चाक अडकलं, गाडी घसरली. कमी.” मी कमी केला. “अजून कमी. आता वाढवत न्या... हां. आता हळू सोडा.” दहा-बारा वेळा त्याने हे करून घेतलं. त्याचा हात लाल झाला होता. शेवटी म्हणाला, “एवढाच,” आणि हात शर्टाला पुसला. नटाचा विषय त्याने त्याही दिवशी काढला नाही.

मी रोज एक ट्रे अंडी विकत आणून, मागच्या सीटवर बांधून गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत शिकायला लागलो. बावीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस, पोरासोरांसारखा! पहिल्या फेरीत अकरा फुटली, दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी एकही नाही. बायकोने घरात अंड्याचं नाव काढायचं नाही असं बजावलं.

तो न फुटलेला ट्रे मी आईपुढे नेऊन ठेवला. तिने तो उचलून खालून-वरून तपासला. “एकदाच हं,” ती म्हणाली. जाताना तिने माझा शर्ट असा आवळून धरला होता की गळ्याशी कॉलर रुतत होती. मी प्रत्येक वळणाआधी त्या तळहाताची आठवण करत पाय टेकवत होतो.

येताना शर्टावरची पकड हळूहळू सैल झाली. सिग्नलला थांबलो, तिला गचका बसला नाही. गल्लीत वळलो तेव्हा पाठीवर काहीतरी टेकलं. कपाळ होतं. शेकाची ऊब अजून त्यात होती.

दाराशी गाडी थांबवून मी इंजिन बंद केलं.

“आलं का घर, जावईबापू?” आई झोपेतच म्हणाली.

मी दोन्ही पाय रोवून गाडी तशीच धरून ठेवली आणि उत्तर दिलं नाही. बोललो असतो तर तिने माझा आवाज ओळखला असता, आणि कपाळ उचललं असतं.