तुम्ही नसलात तर कोण?

बाईंना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण त्या एका अर्जाचा विषय निघाला की अजून त्यांचा आवाज खाली येतो. इंटरनेटच्या पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर ‘कॉम’सारखा जो शब्द येतो ना, तसे नवे शब्द कुणाच्या हाती सोपवायचे हे ठरवणाऱ्या पाच परीक्षकांत त्या होत्या. काय दिवस होते ते! खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर अर्जांचे ढीग, आणि बाईंची खोड अशी की अर्ज मागून वाचायचा. पुढच्या पानांवर काय, सगळेच बढाया मारतात. खरा प्रश्न शेवटच्या पानावर असे: उद्या तुम्ही नसलात, तर त्या शब्दावर लोकांनी घेतलेली नावं, म्हणजे त्यांचे पत्ते, कोण चालू ठेवणार?

एके दिवशी ढिगातून सरांचा अर्ज निघाला. सर म्हणजे ज्यांनी बाईंना हे काम बोटाला धरून शिकवलं. शहरातल्या वाचनालयांचे पत्ते त्यांनी घरच्या मागच्या खोलीतल्या मशीनवरून वर्षानुवर्षं फुकट सांभाळले होते. आता वाचनालयांसाठी वेगळा शब्द मागत होते. शेवटच्या पानावर एवढंच लिहिलेलं: ‘मी आहे ना.’

बाकीच्या चौघांनी सरांकडे बघून गुण दिले. बाईंनी शून्य दिलं. एकाचंही शून्य पडलं की अर्ज बाद, असा नियमच होता.

“गुरूची विद्या गुरूलाच का?” कचेरीत लोक चिडवायचे. सर मात्र भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं हो! त्यांचा फोन येईनासा झाला आणि बाईही त्यांची गल्ली टाळू लागल्या.

चार वर्षांनी सर गेले. कुठल्या तोंडाने जायचं, असं म्हणत बाई त्यांच्या घरी गेल्याच. मशीन बंद पडलं असणार, ही धास्ती वेगळीच. दार काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने उघडलं.

“ये, मागेच ये. काम अर्धवट टाकून उठलेय.”

मागच्या खोलीत काकू चष्मा चढवून मशीनपुढे बसल्या आणि सगळ्या नावांची रोजची नक्कल दुसऱ्या मशीनवर उतरवू लागल्या.

“काकू, तुम्ही?”

“मग कोण? निकाल लागला त्या संध्याकाळपासून हे मला शिकवायला बसले. भाजी चिरतानाही प्रश्न विचारायचे. मी वैतागले की म्हणायचे, पोरीचं बरोबर आहे. मग फोन करून सांगा की तिला, म्हटलं, तर म्हणे लाज वाटते.”

सर आणि बाई, दोघांनीही लाजेपायी चार वर्षं वाया घालवली होती. बाईंना रडू आवरेना.

काकूंनी शेजारची खुर्ची ओढली. “रड हवं तेवढं. पण आधी दोन्ही मशीनवरच्या नावांचे हे आकडे बघ, जुळतायत का.”

बाईंनी डोळे पुसून पाहिलं. जुळत होते.