झेंडा नसलेला किनारा

बियाण्याच्या वितरकाने आम्हा दुकानदारांना फसवलं. दाखवला एक किनारा आणि उतरवलं भलत्याच किनाऱ्यावर. हे मी त्याच्या तोंडावर बोललो आहे, म्हणून इथे लिहायलाही हरकत नाही.

बीटी कपाशीचे ते दिवस होते. संग्रामपुरात माझं कृषी सेवा केंद्र आहे. सायकलवर फिरून फवारणीचे पंप दुरुस्त करण्यापासून मी वर आलो, त्यामुळे कुणाकडून काय पदरात पाडून घ्यावं हे मला शिकवावं लागत नव्हतं. बियाण्याच्या पिशव्या विकण्याचं ठरलेलं लक्ष्य गाठलं की वितरक दुकानदारांना सहलीला न्यायचा. त्या साली अंदमान होतं. सहल एकट्या दुकानदारापुरती होती. मी त्याला सांगितलं, हंगामात काउंटर बायको सांभाळते, ती येणार नसेल तर मीही येत नाही, आणि पुढच्या साली तुमची पिशवी माझ्या पुढच्या फळीवर दिसणार नाही. तो कबूल झाला. त्याच्या रंगीत पत्रकात किनाऱ्याचा फोटो होता. त्यात जीवरक्षकाचं मचाण आणि वाळूत रोवलेले दोन झेंडे दिसत होते. पोहायचं ते त्या झेंड्यांच्या मधेच, असं खाली छापलेलं. मी त्या फोटोवर बोट ठेवलं आणि हाच किनारा ना, असं दोनदा वदवून घेतलं. आमच्याकडे समुद्र कुणी पाहिलाय?

तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी बस भलत्याच रस्त्याला लागली. सोबतचा गाइड म्हणाला, तिकडे गर्दी असते, तुमच्यासाठी खास शांत जागा काढली आहे. जागा खरोखरच सुंदर होती. पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि माणूस म्हणून कुणी नाही. मचाण नाही, झेंडा नाही. मी विचारलं तर गाइड हसला. दोन्ही बाजूंनी लाटा फुटत होत्या आणि मधे सपाट, गडद पाण्याचा एक पट्टा होता. वहिनींनी तिथे उतरावं, तिथे लाट नाही, असं त्यानेच बोट करून दाखवलं.

आम्हाला ते पटलंही. आम्ही सगळे विहिरीत पोहायला शिकलेले. विहिरीचं पाणी माणसाला ओढून नेत नाही. संथ पाणी म्हणजे भरवशाचं पाणी, एवढंच आमचं ज्ञान. माझी बायको लहानपणी वडिलांच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकली होती. पंजाबी ड्रेसची ओढणी तिने माझ्याकडे दिली आणि ती त्या पट्ट्यात उतरली.

कमरेइतक्या पाण्यात होती तोवर मला ती हसताना दिसत होती. मग ती हात मारू लागली, किनाऱ्याकडे तोंड करून. हात चालू होते आणि ती मागे जात होती. हे आधी माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मी बोंबा मारू लागलो, सरळ ये, जोरात हात मार. तिने मारले. आणखी मागे गेली. मी बूट काढून धावलो, तर खामगावचे एक मुसलमान दुकानदार, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, त्यांनी मागून माझा शर्ट धरला.

"थांब बे. बुडत्याले हात देऊ नाही, तुले कोन सांगाव? तू गेला त दोघंबी जासान."

मी त्यांना शिव्या दिल्या. त्यांनी शर्ट सोडला नाही. दुसऱ्यांना त्यांनी जेवणासोबत आलेला पाण्याचा रिकामा जार आणायला पाठवलं, तिला धरून तरंगता यावं म्हणून. तोवर तिचे हात थांबले होते. मला वाटलं, संपलं. पण ती उताणी झाली होती. पाण्यावर पाठ टेकून, तोंड वर करून पडून राहिली. त्या पट्ट्यातून परत समुद्रात जाणाऱ्या पाण्याची ओढ तिला फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे घेऊन गेली आणि तिथे सैल पडली. मग ती किनाऱ्याला समांतर, आडवी पोहताना दिसली. लाटा फुटत होत्या तिथे आली, तेव्हा लाटांनीच तिला किनाऱ्याकडे ढकललं. बऱ्याच लांब ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. आम्ही जार घेऊन तिकडे पळालो.

ती खोकत होती. श्वास जागेवर आल्यावर पहिलं वाक्य माझ्यासाठीच होतं.

"काऊन बोंबलत होते? तुमचं आयकलं तवरच मी मांगं जात होती."

चाचा खाली वाळूत बसून हसू लागले. मीही हसलो, आणि हसता हसता त्यांच्या शेजारी वाळूत बसलो. त्या संध्याकाळी ती वरणभातावर तुटून पडली, आणि मी तिच्याकडे नुसता बघत बसलो. सहलीला आल्याचं तिला मुळीच दुःख नव्हतं. समुद्र चांगला आहे म्हणाली, फक्त त्याच्याशी भांडू नये.

मी मात्र भांडणारा माणूस. किनाऱ्यावरून परततानाच बसमध्ये ड्रायव्हरजवळ जाऊन बसलो होतो. त्याने सरळ सांगितलं, फोटोतल्या किनाऱ्यावर सकाळीच लाल झेंडा लागला होता, जीवरक्षक कुणाला उतरू देत नव्हते. गाइडने वितरकाला फोन केला. पलीकडून निरोप आला, कार्यक्रम रद्द करू नका, दुसरीकडे न्या. म्हणजे जिथे अडवायला माणूस होता तिथून उचलून आम्हाला जिथे कुणीच अडवणार नाही तिथे नेलं.

सहलीहून परतल्यावर खामगावात वितरकाला गाठलं, तर तो म्हणाला, वहिनी सुखरूप आल्या ना, मग विषय कशाला वाढवता. सुखरूप आली ती तिच्या अकलेने.

आज ती काउंटरवर बसलेली दिसली की माझा अर्धा राग उतरतो. उरलेला उतरत नाही. बोंडअळी लागत नाही म्हणून विकलेल्या बीटीत बोंडअळी शिरली त्या साली लोक किडकी बोंडं घेऊन माझ्या दुकानात आले. बियाणं मी बनवलं नव्हतं, तरी मी शटर ओढलं नाही. एकेकाच्या समोर उभा राहून ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं. आता वितरकानेही माझ्या दुकानात यावं, माझ्या बायकोसमोर उभं राहावं, आणि लाल झेंडा माहीत असताना तिला त्या पाण्यात उतरवायला कुणी सांगितलं, याचं उत्तर द्यावं.