सम पायात, टाळी हातात

नॉटिंगहॅमला आलो तेव्हा आम्ही एका चिकन शॉपच्या वर राहायचो. दोन खोल्या. भिंतीला टेकलं की पाठ ओली व्हायची. खालच्या तेलाचा वास माझ्या शाळेच्या जंपरमध्ये असा मुरला होता की वर्गातल्या पोरांनी माझं नाव 'नगेट' ठेवलं. पप्पा एका रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर होते. दुसऱ्याच हिवाळ्यात पिठाचं पोतं उचलताना त्यांचा मणका सरकला आणि तंदूर कायमचा सुटला. मग आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागली. दिवसभर चादरी आणि गाऊन. बोटांची टोकं तडकलेली असायची, भाकरी थापताना तिला चुरचुरायचं. पप्पा गादीवर पडल्या पडल्या म्हणायचे, "ब्रेड खाऊ की आज." आई म्हणायची, "ब्रेड तुम्हाला आवडत नाही आणि मला परवडत नाही. गप पडा."

आईची शाळा सातवीपर्यंत झालेली, पप्पा दहावीला अडकलेले. यात लपवायचं काही नाही. मी सगळ्यांना सांगते.

पण गरिबीपेक्षा त्या घरात रविवार जास्त टोचायचा. आम्ही नगरचे ख्रिस्ती. तिकडे रविवार म्हणजे उपासना, पेटी, तबला, झांज, आणि उपासना सुटल्यावर दारात उभं राहून तासभर गप्पा. इथे रविवार म्हणजे नुसती खिडकी आणि खालून जाणाऱ्या बसेस.

अशाच एका रविवारी आई खिडकीत उभी होती. मागच्या गल्लीतून टाळ्यांचा आवाज येत होता.

"ऐकलंस का?"

"कुणाचातरी टीव्ही असेल," मी म्हटलं.

"टीव्हीला एवढे हात असतात होय? चप्पल घाल."

गल्लीच्या टोकाला लाल विटांचं जुनं चॅपल होतं. आत सगळी जमैकाकडची माणसं, बायकांच्या डोक्यावर एकेक हॅट अशी की केकच ठेवलाय. समोर क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, त्यांची गॉस्पेल भजनं गात होता आणि अख्खं चॅपल डोलत होतं. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. आईला एक शब्द कळत नव्हता, पण तिच्याच्यानं राहवेना. ती उभी राहिली आणि तिनं जोरात टाळ्यांचा ठेका धरला. नेमक्या चुकीच्या जागी.

कारण आपल्या भजनात टाळी समेवर पडते. पाऊल आणि टाळी एकदम. त्यांच्याकडे तसं नाही. आधी पाऊल, आणि टाळी त्याच्या नंतरच्या मात्रेवर. सगळ्यांची टाळी संपली की आईची टाळी वाजायची, एकटीच, कडकडीत. पुढच्या ओळीतली एक पिवळी हॅट हळूच मागे वळली. मला बाकाखाली जावंसं वाटलं.

ती पिवळी हॅट म्हणजे क्वायर बसवणाऱ्या म्हाताऱ्या बाई. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता म्हणून त्या बाकावर होत्या. सगळी वस्ती त्यांना 'मदर' म्हणायची, आम्हीही तेच म्हणायला लागलो. उपासना संपल्यावर त्यांनी आईला सरळ चॅपलच्या किचनमध्ये नेलं. तिचे दोन्ही हात तिच्या कमरेशी घट्ट धरून ठेवले आणि स्वतः डोलायला लागल्या. बोलल्या इंग्लिशमध्ये, मी माझ्या मराठीत सांगते: "आधी पाय. हातांना घाई करू द्यायची नाही."

तो रविवार आम्हाला लाभला. पुढच्या ईस्टरला आई जांभळा झगा घालून क्वायरच्या तिसऱ्या ओळीत उभी होती. मदरच्या ओळखीनं पप्पांना शाळेच्या ऑफिसात बसून करायचं काम मिळालं. आणि मला वस्ती मिळाली. चॅपलमध्ये आईला 'सिस्टर' म्हणायचे, त्यामुळे नाक्यावरच्या न्हाव्यापासून लायब्ररीतल्या बाईंपर्यंत सगळे मला 'सिस्टरची मुलगी' म्हणून ओळखायला लागले. नगेट हे नाव कधी गळून पडलं ते आठवतही नाही.

युनिव्हर्सिटीत जाणारी आमच्या घरातली मी पहिली. विषय घेतला इतिहास, आणि फर्स्ट क्लास काढला. त्याचा आनंद घरात आठवडाभर टिकला, मग काकांचा फोन आला. काका म्हणजे पप्पांचे नगरच्या शाळेतले मित्र, दूर दक्षिणेला बेसिंगस्टोकला आयटीत मोठ्या हुद्द्यावर. मनानं चांगला माणूस, पण तोंड कसं ते विचारू नका.

"इतिहास झाला ना शिकून? आता भूगोल बघ जरा. बेसिंगस्टोक कुठे आहे माहितीय? आमच्या बिझनेस पार्कात रिसेप्शनची जागा आहे. मी शब्द टाकलाय."

"काका, मला इथेच काहीतरी करायचंय."

"काय करणार? या विटा पाहा, त्या विटा पाहा, असं करत फिरणार?"

खरं सांगायचं तर मला तेच करायचं होतं. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, वस्तीत माहिती सांगत फिरवणारा एक गाइडेड वॉक सुरू करणार होतं, दर आठवड्याचा, पगारी. मी माझा वॉक कळवला होता: लेसच्या जुन्या फॅक्टऱ्यांपासून निघायचं आणि चॅपलमध्ये गॉस्पेल ऐकून संपवायचं. त्यांनी उत्तर दिलं, एकदा करून दाखवा, आमच्या बाई येतील, त्या ठरवतील. घरात ठरलं की जमलं तर उत्तम, नाही जमलं तर पुढच्या सोमवारी बेसिंगस्टोक.

आता अडचण होती मदरची. आधी एकदा कुठल्याशा कंपनीनं चॅपलमध्ये टुरिस्ट आणले होते. ते बसले, त्यांनी फोटो काढले आणि गाणं मध्येच टाकून कॉफी प्यायला गेले. तेव्हापासून मदरनी टूरवाल्यांना दार बंद केलं होतं.

"माझा क्वायर म्हणजे प्राणिसंग्रहालय नाही, पोरी," त्या म्हणाल्या.

"माझी माणसं नुसती बघत बसणार नाहीत."

"बघू की. शनिवारी आमची तालीम असते. दार लावलेलं असेल. तुझी माणसं योग्य ताल हातात घेऊन दाराशी आली तर उघडीन. नाहीतर त्यांना बाहेरून विटा दाखव."

आईकडे पाहिलं तर ती भांडी विसळत होती. "माझ्याकडे काय बघतेस? त्या मला किचनमध्ये शिकवू शकल्या. तू रस्त्यावर शिकव," एवढंच म्हणाली.

आणि तिथेच मला उपाय सापडला. वॉक म्हणजे चालणंच की! माणसं तशीही पावलं टाकणारच. डावा पाय पडेल तेव्हा हात गप्प, उजवा पडेल तेव्हा टाळी. चॅपल येईपर्यंत अंगात बसेल.

शनिवारी सकाळी ट्रामच्या स्टॉपवर माणसं जमली. रिटायर्ड शिक्षक, एक काठीवाली आजी, दोन-तीन जोडपी, काही विद्यार्थी, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या कौन्सिलच्या बाई. आणि पप्पांच्या शेजारी, कडक इस्त्रीच्या शर्टात, काका.

"म्हटलं बघू तरी," ते म्हणाले. "रिसेप्शनवाल्यांना सोमवारी काय सांगायचं ते कळेल."

मी सुरुवात केली. फॅक्टरीच्या एवढ्या उंच खिडक्या का, तर आत बायका लेस तपासत, सांधत आणि त्यांना उजेड लागे. पलीकडच्या गल्लीत एकसारखी लहान घरं. तिथल्या एका घराच्या रस्त्याकडच्या खोलीसमोर मी थांबले. मदरची पिढी कॅरिबियनमधून इथे आली तेव्हा इथल्या चर्चमध्ये त्यांना कुणी हसून जागा देईना. म्हणून ती माणसं अशा खोल्यांत जमून गायची. वाद्यं नव्हती, म्हणून हात आणि लाकडी जमीन. मग सगळ्यांनी मिळून ते रिकामं पडलेलं चॅपल घेतलं. "आज आपण त्यांच्या दारात जातोय," मी म्हटलं, "रिकाम्या हातानं नको जायला," आणि ताल समजावला.

निघालो. दहा-बारा पावलं झकास पडली आणि मग सगळा गोंधळ झाला. टाळी डाव्या पायावर! मागे वळून पाहिलं तर मधोमध काका, डोळे अर्धे मिटलेले, डाव्या पायाबरोबर खणखणीत टाळी. इतकी ठाम की अख्खा ग्रुप त्यांच्यामागे ओढला जात होता. माणसं खात्री असलेल्याच्या मागे जातात, बरोबर असलेल्याच्या नाही.

"काका, टाळी उजव्यावर."

"सम सोडून टाळी? मला ताल शिकवतेस? आठवीपासून तबल्यावर बसतोय मी. आमच्या मंडळाच्या गणपतीत माझ्याशिवाय आरती उभी राहत नाही."

"इथला ताल वेगळा आहे हो."

"ताल जगात एकच," काका म्हणाले आणि पुन्हा समेवर सुरू झाले.

काठीवाल्या आजींनी कौन्सिलच्या बाईंना विचारलं, "नक्की कधी वाजवायची?" बाई हसल्या, पण टाळी वाजवायच्या थांबल्या. खिशात हात घातले. समोर शेवटचा चढ होता आणि चढ संपला की चॅपल.

पप्पा पाठीवर हात ठेवून हळूहळू येत होते. माझ्याजवळ आल्यावर म्हणाले, "त्याला गप्प बसव, नाहीतर मी बसवतो."

पण काकांना गप्प बसवून चाललं नसतं. ग्रुपमध्ये पक्का ताल असलेला माणूस तो एकच होता. मी त्यांच्यापाशी गेले.

"काका, सम तुमचीच. कुणी काढून घेत नाही. पण ती पायात ठेवा. डावा पाय जोरात टाका, हात पाठीशी बांधा. टाळी आम्ही भरतो."

ते थांबले. तबलजी माणूस, त्यांना हिशेब लगेच दिसला. "म्हणजे ठेका मी द्यायचा?"

"तुम्हीच द्यायचा. तुमच्याशिवाय चॅपलचं दार उघडणार नाही."

"असं सरळ सांग की मग!" आणि त्यांनी हात पाठीशी बांधले, चकचकीत बूट उचलला आणि आपटला. धप्! आम्ही सगळ्यांनी टाळी दिली. धप्, टाळी. धप्, टाळी. चढावर बूट आणखी जोरात वाजायला लागला. आजींनी काठी काकांच्या पायाबरोबर टेकवायला सुरुवात केली. न्हावी कात्री हातात घेऊन दुकानाबाहेर आला आणि टाळ्यांत सामील झाला. बाईंचे हात खिशातून बाहेर आले. त्यांचं ओळखपत्र छातीवर उड्या मारत होतं.

चॅपलचं दार बंद. आम्ही दारासमोर जागच्या जागी पावलं टाकत राहिलो. आतून काहीच आवाज येईना. मी डोळे काकांच्या बुटावर ठेवले. धप्, टाळी. धप्, टाळी. आणि मग आतून, आमच्याच टाळीवर, तीसेक हातांची टाळी आली. एक कणसुद्धा पुढे-मागे नाही.

दार उघडलं. पिवळ्या हॅटमध्ये मदर उभ्या होत्या. काकांच्या बुटाकडे बघून मला म्हणाल्या, "हा पाय कुणाचा? आत आणा त्याला."

आम्ही टाळ्या न सोडता आत गेलो आणि क्वायरनं गाणं उचललं. कुणी बसलं नाही. कुणी फोन बाहेर काढला नाही. तिसऱ्या ओळीत आई गात होती, काकांच्या पायाकडे बघून हसू दाबत होती आणि रडत होती, तिन्ही एकदम. शेवटच्या कडव्याला काकांचे हात पाठीमागून सुटले. टाळी पडली, बरोबर जागेवर. मी पाहिलं. पप्पांनीही पाहिलं, आणि आयुष्यभर ऐकवतील.

बाहेर आल्यावर कौन्सिलच्या बाईंनी घाम पुसत विचारलं, "पुढच्या शनिवारपासून जमेल का?"

काकांनी माझ्याआधी उत्तर दिलं. "शी इज फ्री. बेसिंगस्टोकची जागा भरली."

आई झगा हातावर टाकून पायरीवर आली. "काय म्हणाल्या गं त्या?"

"मला घेतलं."

"मग चला. भाकऱ्या करायच्यात. मदरना जेवायला बोलावलंय."

त्या शनिवारपासून माझा वॉक दर आठवड्याला निघतो, ट्रामच्या स्टॉपवरून, चिकन शॉपच्या खिडकीखालून, चॅपलपर्यंत. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे आणि आमच्या वस्तीची गाइड आहे.