नारिंगी वायर आणि ओव्याची धुरी

मस्कतच्या घाला भागातल्या ज्या कंपनीत मी कामाला आहे, ती एसीचे सुटे भाग विकते. तिथे मी बिलं करतो. कॉम्प्रेसर, फॅन मोटर, थर्मोस्टॅट ही नावं दिवसभर टाइप करून करून माझी एक समजूत झाली आहे की मला एसीतलं कळतं. दुर्दैवाने ही समजूत ओळखीपाळखीतही पसरली आहे. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात कोणी ना कोणी मला बाजूला घेतं आणि विचारतं, "आमचा एसी हल्ली गारच करत नाही रे." मी हनुवटीवर हात ठेवून विचारतो, "आवाज कसा येतो?" मग तो कसाही येत असला तरी मी गंभीरपणे मान हलवतो. आजवर एवढ्यावर निभावलं.

मग मे महिन्यात आम्हाला मुलगी झाली, आणि निभावणं संपलं.

बाळंतपणासाठी सासूबाई वसईहून आल्या. बायको त्यांना मम्मी म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्या मला "जावई" म्हणतात; रागावल्या की "जावईबापू". त्यांच्या बॅगेत ओवा होता, बाळंतशेपा होत्या, डिंक होता, घाण्याचं खोबरेल होतं आणि मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची एक मोठी गठडी होती. स्वतःचे कपडे बहुधा दोनच असावेत.

मम्मींचा नियम साधा होता. सव्वा महिना बाळंतिणीला आणि बाळाला वारा लागता कामा नये. आमच्या घरातली परिस्थितीही साधी होती. बाहेर पायरीवर चप्पल ठेवली तर पुन्हा घालताना नाचावं लागत होतं, आणि आतल्या एसीचं जुनं फिरवायचं बटण मोडलेलं होतं. त्यामुळे एसी एक तर बंद, नाही तर मासळीबाजारातल्या बर्फासारखा. बंद केला की बायको घामाने निथळायची. चालू केला की मम्मी बाळाला छातीशी धरून स्वयंपाकघरात निघून जायच्या आणि गॅसपाशी उभ्या राहायच्या.

आठवडाभर हे पाहून त्यांनी जाहीर केलं, "पोरीचा पासपोर्ट आला की मी दोघींना वसईला घेऊन जाते. तिकडे उकडलं तर उकडेल. पण हवा देवाची आहे, कुठल्या बटणाची नाही."

बायकोला आई हवी होती आणि मीही हवा होतो, आणि तिला नीट झोप मिळत नव्हती. माझं म्हणाल तर मी अजून पोरीला धड मांडीवर घ्यायलाही शिकलो नव्हतो. तिची मान सांभाळताना माझीच मान आखडायची. पण संध्याकाळी घरी आल्यावर ती माझं बोट पकडायची आणि सोडायची नाही. ते बोट घेऊन एकट्याने त्या घरात काय करायचं, हे मला सुचेना.

"तू काहीतरी कर," बायको म्हणाली. "पण विचारून कर."

मी पहिलं वाक्य ऐकलं.

मोडक्या बटणाच्या जागी लावायला आमच्याच काउंटरवरून मी नवा थर्मोस्टॅट घेतला, म्हणजे खोलीचं तापमान बघून एसी चालू-बंद करणारी भिंतीवरची डबी. आमचा एसी हीट पंप जातीचा आहे, म्हणजे उलटा चालवला तर थंडीऐवजी गरम हवा देतो. मस्कतमध्ये असा एसी कोणी उलटा चालवत नाही, पण थर्मोस्टॅट मात्र त्याला चालेल असाच लागतो. काउंटरवरचा माझा रत्नागिरीकडचा मित्र म्हणाला, "बसवायला माणूस पाठवू?"

"मीच बसवणार."

"तू? अरे, ऑफिसातला स्टेपलर भरायला तू मला हाक मारतोस."

"घरचं काम आहे. मायेने करायचं असतं."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. इन्शाल्ला म्हणताना माणूस वर बघतो की खाली, यावरून त्याचा अंदाज कळतो. तो खाली बघत होता.

काढण्याआधी जुन्या वायरींचा फोटो घ्यायचा असतो, हे मला माहीत होतं. मी घेतला. फोटोत माझा अंगठा अतिशय स्पष्ट आला आहे. मग मेन स्विच म्हणून मी जो बंद केला, तो स्वयंपाकघराचा निघाला. मम्मींचा विजेच्या कुकरमधला भात अर्धवट राहिला. दुसऱ्या खेपेला बरोबर स्विच सापडला. जुनं बटण बाहेर पॅसेजमध्ये होतं, पण माझं म्हणणं असं की जिथे बाळ, तिथे थर्मोस्टॅट. बाळंतिणीच्या खोलीत, कपाटाशेजारच्या प्लगच्या बरोबर वर, भिंतीत एक रिकामी पेटी आधीपासूनच होती. वायर ओढून मी ते यंत्र तिथे बसवलं. घरमालकिणीच्या भिंतीला नवं भोक पडलं नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला.

चालू केल्यावर ते यंत्र प्रश्न विचारू लागलं. भाषा कोणती? तारीख काय? एसी हीट पंप आहे का? इथपर्यंत मी पटापट उत्तरं दिली. मग त्याने विचारलं, नारिंगी वायरीत वीज सोडली की एसीने गार करायचं की गरम? गार असेल तर ओ निवडा, गरम असेल तर बी. आता हे मला कसं माहीत असणार? शाळेत उत्तर येत नसलं की मी नेहमी बी वर खूण करायचो. तशी केली.

थोड्या वेळात छताजवळच्या जाळीतून गरम वारा सुटला. मेच्या दुपारी. 'कूल' लावलेल्या एसीतून.

"अरे, हा एसी बसवलास की हेअर ड्रायर?" बायको पलंगावरून ओरडली.

मम्मी मात्र दारात थबकल्या. त्यांनी हात वर करून तो वारा तळव्यावर घेतला, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "हां," त्या म्हणाल्या. "आता कशी बाळंतिणीची खोली झाली."

मी घाईघाईने बी चं ओ केलं. गार हवा आली. मम्मींनी हात खाली घेतला.

मग वाटाघाटी झाल्या. बायको चोवीसवर अडली होती आणि मम्मी 'बंद'वर. शेवटी सव्वीसवर तह झाला. दोन दिवस घरात अशी शांतता नांदली की मी ऑफिसात तीन जणांना फुकट सल्ले दिले.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची घरमालकीण बाळाला बघायला वर आली. ओमानी बाई, मोठ्या मनाची. तिने दक्षिणेकडच्या सलालाहचा लुबान, म्हणजे धुपासारखा सुगंधी डिंक, आणला आणि तो जाळायचं विजेवरचं भांडं, ज्याला इथे मजमर म्हणतात, तेही आणलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण घरमालकिणीने मजमर लावून बाळाच्या दुपट्यावरून धुराचा हलका हात फिरवला, आणि मम्मींनी लगेच आत जाऊन ओवा आणला. चिमूटभर ओवा, लसणाची सालं, वर एक खडा लुबान. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी दारात उभा राहून ते बघत होतो आणि मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून एसीला भूत लागलं.

मम्मींनी मजमर स्टुलावर ठेवलं होतं. त्याची वायर हातभरच, म्हणून स्टूल कपाटाशेजारच्या प्लगपाशी. त्या सकाळपासून ते तापत ठेवायच्या. त्यावर फडकं गरम करायचं, तळहात शेकायचे आणि मग ते तळहात बाळाच्या टाळूवर, पोटावर, पावलांवर ठेवायचे. आणि मम्मी शेकायला बसल्या की एसी जो घुमायला लागायचा तो थांबायचाच नाही. खोली गारठली की मम्मी मजमर आणखी वाढवायच्या. मजमर वाढवलं की एसी आणखी चेकाळायचा. सव्वीसचा तह मोडून पडला. बायको मे महिन्यात पायमोजे घालून बसली.

"जावई, ह्याच्यावर तेहतीस लिहिलंय," मम्मी म्हणाल्या.

मी जवळ गेलो, हनुवटीवर हात ठेवला. "तो बाहेरचा आकडा आहे, मम्मी. आजचं हवामान दाखवतंय."

"बाहेर तेहतीस? सकाळी कपडे वाळत घालताना तारेने माझा हात भाजला."

"समुद्रावरचं असेल," मी म्हणालो.

दोन दिवसांनी मी चहाचा कप ठेवायला गेलो, तेव्हा त्या स्वयंपाकघरात वसईच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. "मोबाइलवरून करतात ते," त्या हळू आवाजात सांगत होत्या. "ऑफिसात बसून बोट फिरवतात आणि इकडे खोली गार होते. बोलत नाहीत तोंडाने, पण मला कळतं ना. आम्ही लवकर जावं असं आहे त्यांच्या मनात."

मी कप हातातच घेऊन परत आलो. आयुष्यात मी अनेक गोष्टी चुकीच्या जोडल्या आहेत, पण इतक्या उलट्या कधी जोडल्या गेल्या नव्हत्या. पासपोर्ट तयार असल्याचा मेसेज त्याच गुरुवारी आला. रविवारी जाऊन आणायचा होता.

शनिवारी सकाळी मी घरीच होतो. पोरगी माझ्या मांडीवर होती. आता तिची मान मला जमायला लागली होती. मम्मींना बाळाची लंगोटं इस्त्री करायची होती. खोलीत प्लग एकच, म्हणून त्यांनी मजमरची वायर काढली, इस्त्रीची लांब वायर लावली आणि पलीकडे खिडकीखाली चादर पसरून बसल्या. हातात बाळ असल्यामुळे मला दुसरं काही करता येत नव्हतं. मी भिंतीकडे बघत बसलो. भिंतीवर तेहतीस होतं. मग एकतीस झालं. मग एकोणतीस. समुद्रावरचं हवामान फारच झपाट्याने बदलत होतं. सव्वीस झालं आणि एसी एकदम गप्प झाला.

लंगोटं झाली. मम्मींनी इस्त्री काढून मजमर लावलं. सत्तावीस. एकोणतीस. एसी घुमू लागला.

मी स्टुलाकडे बघितलं. वर थर्मोस्टॅटकडे बघितलं. स्टुलावरून गरम हवा सरळ वर जात होती आणि त्या बिचाऱ्या यंत्राच्या नाकात शिरत होती. त्याला वाटत होतं, घरात आग लागली आहे. ते जिवाच्या आकांताने आम्हाला वाचवत होतं.

एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने मी खणातलं माहितीपुस्तक काढलं. पहिल्याच पानावर चित्र होतं. थर्मोस्टॅट, त्याच्या खाली दिवा, आणि त्यावर मोठी फुली. मी वाचायला सुरुवात दुसऱ्या पानापासून केली होती.

"पुन्हा उघडावं लागणार," मी बायकोला म्हणालो. "वायर परत पॅसेजमध्ये न्यावी लागेल, दोन भोकं पाडावी लागतील..."

"अरे, मजमर सरकव ना," बायको म्हणाली.

तेही होतंच. मी एक्स्टेन्शन आणली आणि स्टूल पलंगाच्या पायथ्याशी नेलं. एसी शांत झाला. मम्मी हातातल्या लंगोटाची घडी मोडून हे सगळं बघत होत्या.

"काय झालं?"

"मम्मी, चूक माझी. मी यंत्र भलत्या जागी बसवलं. त्याला तुमच्या मजमरची ऊब लागत होती, म्हणून ते खोली गार करत होतं. मोबाइलचा काही संबंध नाही." शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं, पण बोललो.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मी फोनवरचं ऐकलं होतं, हे त्यांना कळलं. त्या खाली बघून एका लंगोटाची घडी पुन्हा करू लागल्या.

"म्हणजे इतके दिवस मी शेकलं ते पोरीला नाही," त्या म्हणाल्या. "भिंतीवरच्या ह्या डबीला."

"हो."

"ओव्याची धुरीपण तिनेच घेतली."

"घेतली."

"चला. तिचं तरी बाळंतपण नीट झालं."

बायको इतकी हसली की टाके दुखतात म्हणून तिने पोट धरलं. ती हसली म्हणून मम्मी हसल्या. मी हसलो आणि मांडीवरची हलली, तिने तोंड वाकडं केलं, मग विचार बदलून पुन्हा झोपली.

हसू ओसरल्यावर मम्मींनी, मी कोणी परका असल्यासारखं, जपून विचारलं, "जावई, त्या पहिल्या दिवशी आलेली हवा... ती पुन्हा नाही का येणार?"

मला समजायला वेळ लागला. जी हवा मी घाबरून बंद केली होती, ती त्या मागत होत्या.

येणार होती. नारिंगी वायर आता बरोबर होती. आता फक्त 'हीट' म्हणायचं होतं. रविवारी सकाळी, बाहेरचं ऊन चढायच्या आत, मालिशच्या वेळेला थोडा वेळ गरम हवा सुटेल आणि मग आपोआप सव्वीसवर येईल, असं मी त्या यंत्राला शिकवलं. या वेळी पहिल्या पानापासून वाचून. मित्राला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "मे महिन्यात मस्कतमध्ये हीटर? खलास! तुला ऊन लागलंय, पाणी पी."

सकाळी मम्मी चटईवर पाय पसरून बसल्या. पायांवर पोरगी उघडीवाघडी, तेलाने चमकणारी. वरून ऊबदार वारा आला, तसे तिचे आवळलेले हात हळूहळू उघडले. मम्मी तिच्या पाठीवरून अंगठे फिरवत गुणगुणत होत्या. बायको दाराबाहेर पॅसेजमध्ये हाताने वारा घेत उभी होती. मी आत होतो, घामाने चिंब, आणि मला तिथून हलायचं नव्हतं.

"मम्मी, मी निघतो," शेवटी मी म्हणालो. "पासपोर्ट आणायचा आहे ना आज."

त्यांनी वर पाहिलं नाही. तेलाचा हात पोरीच्या पावलावरून ओढत म्हणाल्या, "त्याची काय घाई आहे? ऊन किती झालंय बाहेर. सावकाश आणा."

मी दारापर्यंत पोचलो, तर मागून हाक आली.

"आणि अहो जावई, ही हवा उद्या जरा आधी लावा. हिला लवकर झोप येते."