दोन हातांनी दिलेला पेला

मोरूचा विश्वास कुणावर नव्हता. दूधवाल्यानं दूध ओतलं की हा थेंब नखावर धरून बघायचा. मातीचं पोतं आलं की तोंड न सोडता तळाला भोक पाडून चिमूटभर माती दाताखाली घ्यायचा. त्याची बायको शकू बोलायची, "लग्नात माझे पण दात असेच तपासलेस." मोरू बोलायचा, "तपासले म्हणून तर अजून शाबूत हायत."

माणूस मूळचा गागोदे बुद्रुकचा. घरची भाताची नि वालाची शेती थोरल्या भावाकडं राहिली नि हा पोरवयात पेणला आला, गणपतीच्या कारखान्यात माती तुडवायला. मातीवरून साच्यावर गेला, साच्यावरून रंगावर, रंगावरून आखणीवर. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. पुढं त्यानं गावाच्या कडेला पत्र्याची शेड घातली नि स्वतःचा कारखाना मांडला. जन्म डोळे काढण्यात गेला, तेव्हा माणसाचे डोळे आपल्याला वाचता येतात असं त्याला वाटायचं. नजर चुकवतो तो काहीतरी करून आलेला असतो, एवढंच त्याचं शास्त्र.

आणि आता त्याचा पोरगाच नजर चुकवत होता.

हर्षद वेल्डर. आधी डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडं होता, मग कोरियात जहाजं बांधायच्या गोदीत गेला. तिथून त्यानंच फोनवर सांगितलेलं, "बाबा, पुरे झालं. शेड जगनमामाला देऊन टाका. मी कमावतोय ना." जगन हा शकूचा भाऊ. त्याचं नळ-पाइपांचं दुकान, त्याला गोडाऊनला जागा हवी होती. मोरूनं हो म्हटलं नव्हतं, नाय पण म्हटलं नव्हतं. हर्षद सुट्टीवर आला की ठरवू, इथवर गोष्ट आलेली.

हर्षद चैत्रात आला. आल्या दिवशी बापाला पाणी दिलं ते असं की मोरू पेल्याकडं बघतच राहिला. पेला उजव्या हातात, नि डावा हात उजव्या मनगटाखाली धरलेला. शिवाय कमरेत जरासा वाकला.

"ह्यात काय घातलंयस?" मोरू बोलला.

"पाणी हाय बाबा. तिकडं मोठ्यांना दोन्ही हातांनी देतात. एका हातानं दिलं तर उर्मट समजतात."

जेवताना बापानं पहिला घास घेईपर्यंत हा ताटाला शिवला नाय. मग बोलला, "आये, चमचा दे गो. तिकडं भात चमच्यानंच खातात, बोटांची सवय गेली." चहा पिताना बापाकडं पाठ करून प्यायला. मोठ्यांसमोर तोंड वळवून प्यायचं म्हणे, तिकडं ती रीत दारूची, ह्यानं चहाला पण लावलेली. बाप बोलायला लागला की मान खाली. वरचा माणूस बोलताना डोळ्यात डोळा घालायचा नाय म्हणे. एवढ्या उकाड्यात अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तिथं कामावर बाही दुमडलेली चालत नाय म्हणे. काय विचारलं तरी उत्तर कोरियातनं यायचं.

शेजारच्या सीताबाईला तर भरूनच आलं. "काय पोर गो शकू! आमचा दिवटा तांब्या लाथेनं सरकवतो."

मोरूला मात्र हे पटेना. त्याच्या घरात कुणी कुणाशी असं वागत नव्हतं. "ऊठ गो म्हशे, पाणी आण," अशी हाक मारायची नि "तुला हात नायत?" असं उत्तर यायचं, तेव्हा घर बरं चाललंय असं समजायचं.

"गो, ह्याला माझी सही पायजे," तो शकूला बोलला. "शेड आपल्या नावावर करून मामाला द्यायची असणार. त्याशिवाय पोटचा पोर एवढा वाकतो?"

"तूच ठरवतोस, तूच भितोस."

"नायतर बाई केली असेल तिकडं."

"केली असती तर तिच्यासमोर वाकला असता. तुझ्यासमोर कशाला?"

त्या दिवसापासून मोरूचे डोळे हर्षदच्या पाठीवर चिकटले ते चिकटले.

रविवारी रोह्याच्या गाडीनं जमाल आला, मुलाला घेऊन. जमाल पूर्वी मोरूच्या मूर्ती टेम्पोनं पोचवायचा, मग कुवेतला गेला, केस पांढरे करून परत आला. त्याचा अफान रोह्याला कंपनीत वेल्डर, हर्षदपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. त्याच्या नोकरीचं काम हर्षदच्याच गोदीत झालं होतं. तिकडं कसं वागायचं ते हर्षदनं शिकवावं म्हणून दोघं आले.

मंडळी शेडमध्येच बसली. बोटीनं परदेशी जायच्या मूर्ती लवकर रंगवाव्या लागतात, त्यामुळं मोरूचा हात चालू होता नि कान इकडं होते.

"पहिल्याच भेटीत वय विचारतील," हर्षद अफानला सांगत होता. "राग धरू नको. तू मोठा की लहान हे कळल्याबिगर त्यांना तुझ्याशी बोलताच येत नाय. नुसत्या नावानं कुणाला हाक मारायची नाय, हुद्दा लावायचा. भातात चमचा उभा खुपसायचा नाय, तसा भात मेलेल्याच्या पुढं ठेवतात."

"आणि ते दारूचं?" जमाल मधेच बोलला. "मी ऐकलंय, साहेब ओततो नि नाय म्हटलं तर नोकरी जाते."

"नाय जात, चाचा. पण बाटली ग्लासावर आली नि मग नको म्हटलं तर त्यांचा पाणउतारा होतो. जायच्या आधीच सांगून ठेवायचं, मी पीत नाय, डुकराचं खात नाय. आपल्या ग्लासात पाणी घ्यायचं, नि साहेबाचा ग्लास रिकामा दिसला की आपण भरायचा. दोन्ही हातांनी."

"सगळ्यांना दोन्ही हातांनी?" अफाननं विचारलं.

"मोठ्यांना. तुझ्याहून लहान असेल त्याला एक हात बास. लहानाला दोन हातांनी दिलंस तर तोच घाबरून उभा राहील."

तेवढ्यात शकूनं तळलेले पोह्याचे पापड नि चहा आणला. हर्षदनं कप उचलला नि अफानपुढं धरला. उजव्या हातात कप, डावा मनगटाखाली.

अफान खरंच अर्धा उठला. "भाई, मी लहान हाय ना?"

"सवय," हर्षद हसला. पण हसू ओठाच्या पुढं गेलं नाय.

मोरूचा ब्रश मूर्तीच्या पापणीवर थांबला. आतापर्यंत त्याला वाटत होतं, पोरगा वाकतोय म्हणजे काहीतरी मागणार. आता त्याला भलतंच दिसायला लागलं. चमचा. बाही. आणि तो डावा हात, जो कुणाला मान देत नव्हता, ओझं उचलत होता.

मोरूनं ब्रश खाली ठेवला. कोपऱ्यात लोणच्यासाठी आणलेल्या कैऱ्यांची पाटी होती, त्यातली एक उचलली.

"हर्षद! झेल!"

पोरगा गावच्या टीमचा कीपर होता. त्याच्या उजव्या हातातनं चेंडू सुटलेला मोरूनं कधी बघितला नव्हता. कैरी सरळ उजव्या अंगावर आली. हर्षदनं आख्खं अंग वळवून डावा हात आडवा घातला. कैरी बोटांना लागून खाली पडली, घरंगळत मूर्तीच्या पाटापाशी गेली. उजवा हात मांडीवरनं हललाच नाय.

मोरू उठला, पोराजवळ गेला नि बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटावर आडवा वण, जाड, गुलाबी. बोटं आखडलेली.

"आवळ माझं बोट."

हर्षदनं आवळलं. तान्हं पोर पण ह्याहून जोरात धरतं.

"पत्रा सरकला अंगावर," तो बोलला. "हाड जुळलं. जोर आला नाय."

"आय गं!" शकूनं तो हात ओढून घेतला. "आणि आम्हाला सांगितलं नायस?"

"सांगून काय केलं असतं गो? इथं बसून रडली असतीस."

जमालचा चेहरा उतरला होता. "नोकरी?"

"संपली. वेल्डिंगची टॉर्च धरता येत नाय."

"मग माझ्या पोराला कशाला जाऊ देतोस त्याच नरकात?"

"नरक नाय चाचा. त्यांनी सगळं केलं, दवाखाना, पैसे, सगळं." हर्षद अफानकडं वळला. "चूक माझी हाय, नि तीच सांगायची राहिली. आधी नुसतं मनगट दुखत होतं. मला वाटलं, वरच्या माणसासमोर तोंड उघडणं उद्धटपणा. मान खाली घालून काम करत राहिलो, नि पत्रा सरकला तेव्हा तो दुखरा हात वेळेवर उचललाच गेला नाय. वाकायचं तेवढं वाक. पण दुखलं की त्याच दिवशी बोल. त्याला ते उद्धट म्हणत नायत, मीच तसं धरून बसलो."

अफाननं मान हलवली. जमाल आपल्या पोराच्या हातांकडं बघत राहिला, जसा काय ते आजच मोजून घेऊन जाणार होता.

"आणि शेड द्या, शेड द्या, ते?" मोरूनं विचारलं.

"ते हात जायच्या आधी बोललो होतो. नंतर, नका देऊ, असं बोलायला तोंड झालं नाय. का म्हणून विचारलं असतंत."

दुपार कलली तसा जगन आलाच. दारातनंच बोलला, "काय भावजी, पोर आला, आता टेप लावून जागा मोजू काय?"

"नाय मोजायची."

"का हो? ठरलं होतं ना?"

"ठरलं नव्हतं. आत गणपती हायत. राहतील."

"अहो, पण तुमच्यामागं करणार कोण? हर्षद तर परत जाणार."

"नाय जाणार," मोरू बोलला. "साच्यात माती दाबायला एक हात नि एक ढोपर पुरतं. मी दाबलीय. गिऱ्हाईकाशी बोलायला तर हात लागतच नाय, नि ह्याला सगळ्या दुनियेशी गोड बोलता येतंय." जगननं हर्षदच्या उघड्या मनगटाकडं बघितलं, नि काढलेला टेप परत खिशात घातला.

माणसं गेल्यावर मोरू पुन्हा मूर्तीसमोर बसला. "पाणी आण," तो बोलला.

हर्षदनं पेला भरला, उजव्या हातात घेतला, डावा खाली लावला.

"डाव्यानं दे."

"अगो बाई," शकू बोलली, "डाव्या हातानं? बापाला?"

"त्याचा चालतो तो हात डावा. दे बोललो ना."

हर्षदनं डाव्या हातानं पेला पुढं केला. मोरूनं घेतला, पण प्यायला नाय.

"मान वर कर. अजून काय झाकलंयस?"

"काय नाय."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

मोरूनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, आधी एका, मग दुसऱ्या, ओली आखणी तपासावी तसं. मग पाणी प्यायला, रिकामा पेला पोराच्या डाव्या हातात कोंबला नि बोलला, "उभा काय राहिलास? ती कैरी उचल. मार लागलेली लोणच्यात चालत नाय, चटणीला दे तुझ्या आईला."