आधी चौकोन काढ

माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती तेव्हा कुकर काढायची. कागदाच्या तळाशी एक काळा गिचमिड गोळा आणि त्यातून थेट कागदाच्या काठापर्यंत गेलेल्या पंधरा-वीस रेघा. "ही शिट्टी," असं ती सांगायची. भांड्यापेक्षा तिला आवाज महत्त्वाचा वाटत असावा. मी हसायचे आणि कागद रद्दीत ठेवायचे.

आम्ही तेव्हा नुकतेच नोएडात राहायला आलो होतो. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. तो करोल बागेत वाढलेला, त्यामुळे 'बिल्कुल' आणि 'यार' आल्याशिवाय त्याचं मराठी वाक्य पुरं होत नसे. मी लग्न होऊन सोलापूरहून आलेली. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही सोसायटीत फ्लॅट घेतला, तेव्हा आजूबाजूच्या निम्म्या इमारतींना प्लास्टरसुद्धा झालेलं नव्हतं. रस्त्यावर दिवे नव्हते. शाळा मात्र भराभर उघडत होत्या, आणि चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या शाळेच्या नर्सरीचा फॉर्म घ्यायला लोक डिसेंबरच्या धुक्यात शाली गुंडाळून रांगेत उभे राहत.

समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी बाईंची मुलगी आदल्या वर्षी अशाच एका शाळेत लागली होती. त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं.

"भाभीजी, इंटरव्ह्यू में ड्रॉइंग करवाते हैं. कप, घर, पतंग. आप बस शेप्स सिखा दो. सर्कल, स्क्वेअर, ट्रायँगल, रेक्टँगल. सब कुछ इन्हीं से बनता है."

तेवढ्यात माझी मुलगी कागद घेऊन आली. त्यांनी तो हातात घेतला. "ये क्या है, बेटा?"

"कुकर."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कागद हळूच टेबलावर पालथा ठेवला.

इंटरव्ह्यूला सहा आठवडे होते.

मला स्वतःला चित्र काढता येत नव्हतं. म्हणून आधी मी शिकले. दुपारी ती झोपली की मी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसायचे आणि घरातल्या वस्तू बघून काढायचे. वाटी म्हणजे अर्धा गोल. टेबलफॅन म्हणजे काठीवर गोल. गॅसचा सिलिंडर म्हणजे उभा चौकोन, वर छोटा चौकोन. बादली म्हणजे उलटा त्रिकोण, टोक कापलेला. आठवड्याभरात मला अख्खं स्वयंपाकघर काढता यायला लागलं. कबूल करायला हवं, मला त्यात फार मजा आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हाताने काढलेली बादली बादलीसारखी दिसत होती.

मग मी तिला शिकवायला घेतलं.

"कुकर काढायचा ना? आधी चौकोन काढ."

"आणि शिट्टी?"

"शिट्टीचा आवाज दिसतो का? दिसतं तेवढंच काढायचं."

ती पटापट शिकली. अडचण आली ती नावांची. आमच्या घरात सगळंच चौकोन होतं, दारही आणि कॅरमबोर्डही. इंग्रजीत मात्र दाराला रेक्टँगल म्हणायचं आणि कॅरमबोर्डाला स्क्वेअर. ती कायम उलटंसुलटं करायची. नवरा ऑफिसातून आल्यावर ऐकायचा आणि म्हणायचा, "घरात तरी चौकोन म्हण ना, यार. पोरगी मराठी विसरेल."

"मराठीत विचारणार आहेत का तिला?" मी विचारायचे. खरं तर त्यालाही धास्ती होती. दर दोन दिवसांनी तो ऑफिसातून कुणाच्या तरी मुलाला काय काय विचारलं ते ऐकून यायचा, आणि मग आमचा अभ्यास तेवढ्याने वाढायचा.

एका दुपारी तिने दाराला लागोपाठ तिसऱ्यांदा स्क्वेअर म्हटलं. मी तिच्या हातातला खडू हिसकावला. तो मोडला. तिने माझ्याकडे बघितलं, रडली मात्र नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक रेघेनंतर थांबायला लागली. एक रेघ काढायची, मान वर करायची आणि विचारायची, "बरोबर आहे?" मी हो म्हटलं की पुढची रेघ. सुरुवातीला मला बरं वाटलं. म्हटलं, लक्ष देतेय. मग ती बूट घालताना विचारायला लागली. पेल्यात पाणी ओतताना, केसांना पिन लावताना. एकदा पोळीचा तुकडा भाजीत बुडवून तिने तो तसाच हातात धरला आणि विचारलं, "आई, बरोबर आहे?"

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मुलं करतात असं. इंटरव्ह्यू झाला की आपोआप बंद होईल." मीही स्वतःला तेच सांगत होते. दोन आठवडे उरले होते. शिकवणं थांबवावं असं मनात येऊन गेलं, पण मी थांबवलं नाही.

इंटरव्ह्यूच्या दिवशी आम्हाला दोघांना त्याच खोलीत मागे भिंतीजवळ बसवलं. आई-वडिलांनी मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असं दाराशीच बजावलं होतं. समोर स्वेटर घातलेल्या एक मॅडम होत्या. त्यांनी कागद आणि खडू पुढे केले. "बेटा, मेरे लिए एक कप बनाओ."

तिने एक रेघ काढली, मॅडमकडे बघितलं आणि विचारलं, "बरोबर आहे?"

"क्या बोला, बेटा?"

ती वळली आणि मला शोधायला लागली. मी किंचित मान हलवली. तिने दुसरी रेघ काढली. पुन्हा वळली. पुन्हा मी मान हलवली. चौथ्या रेघेनंतर मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने फरशीकडे बघायला लागले.

खडू थांबला. कपाला कान नव्हता. शेजारी नवऱ्याच्या खुर्चीचा बारीक आवाज येत होता. ती माझ्याकडे बघतेय हे मला वर न बघताही कळत होतं.

"हँडल नहीं है?" मॅडमनी विचारलं. मग त्यांनी कागद उचलला. "कोई बात नहीं. बहुत नीट है." पुढचे सगळे प्रश्न सुरळीत गेले. खिडकीला तिने रेक्टँगल म्हटलं.

दहा दिवसांनी यादी लागली आणि तीत तिचं नाव होतं. नवऱ्याने शाळेच्या फाटकासमोरच तिला उचलून घेतलं. आम्ही समोरच्या बाईंना पेढे दिले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर मोजे काढताना तिने पुन्हा विचारलं, "बरोबर आहे?" इंटरव्ह्यू तर होऊन गेला होता.

जुलैत पालकांची पहिली सभा झाली. तिची टीचर तरुण होती, हसतमुख. "बहुत अच्छी बच्ची है आपकी. बिल्कुल तंग नहीं करती. मैं जब तक हाँ न बोलूँ, शुरू ही नहीं करती." तिच्या दृष्टीने हे कौतुक होतं. नवरा खूश होऊन मान डोलावत होता. मला तिथे बसवेना.

त्या संध्याकाळी मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "काढ. काहीही काढ."

"काय काढू?"

"तुला हवं ते."

ती पेन्सिल धरून बसून राहिली. थोड्या वेळाने तिचे डोळे भरून आले. मग मीच पेन्सिल घेतली आणि मुद्दाम वेडावाकडा कुकर काढायला लागले. तिने माझं मनगट धरलं.

"आई, असं नाही. आधी चौकोन काढ."

आवाज तिचा होता, पण बोलण्याची ढब थेट माझी होती. शेवटच्या शब्दावर किंचित चिडायची लकबसुद्धा. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

त्यानंतर मी 'बरोबर' म्हणायचं सोडलं. तिने विचारलं की म्हणायचे, "तुला काय वाटतं?" तिला ते अजिबात आवडलं नाही. ती पाय आपटायची, कागद फाडायची. नवरा म्हणायचा, "हो म्हणून टाक ना, काय बिघडतं?" एकदा थकून मी हो म्हटलंही. दुसऱ्या दिवशी ती चाळीसदा विचारत आली. कित्येक महिने असे गेले. मी तिचं काय करून ठेवलं, आणि ते निस्तरायच्या नादात आणखी काय करतेय, या दोन्हींची भीती एकदमच वाटायची.

पुढच्या मार्चमध्ये एके दिवशी संध्याकाळी वीज गेली होती. समोरच्या बाईंच्या मुलीबरोबर ती खाली गेली. शेजारच्या अर्धवट इमारतीसमोर वाळूचा ढीग होता. मी बाल्कनीत उभी होते. दोघी काटक्या घेऊन वाळूत काहीतरी काढत होत्या. माझ्या मुलीने काढलेलं पायाने पुसलं आणि पुन्हा काढलं. मग जोरात हसली आणि पुन्हा पुसलं. ती कुणालाच काही विचारत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरून ती काय काढत होती ते मला दिसत नव्हतं, आणि एकदाही तिने मान वर केली नाही.

नवरा आतून म्हणाला, "तिला वर बोलव, अंधार पडतोय."

"पाच मिनिटं," मी म्हटलं. पाच मिनिटं झाल्यावर पुन्हा पाच म्हटलं.