खिंडीखालचा उतार आणि तोलोमुशचे व्याही

हिवाळ्यात तोलोमुशला एका जागी बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. घास तोंडात आणि एक पाय बुटात. मध्येच उठणार, दार उघडून खिंडीकडे बघणार, नाक वर करून वारा हुंगणार आणि परत येऊन गार झालेला चहा पिणार.

"बसा की हो," बायको शाइरगुल म्हणायची. "डोंगर काय तुम्हाला न विचारता उठून जाणार आहे?"

"तोच तर जातो," हा म्हणायचा.

स्की घेऊन येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना डोंगरात नेणं हे त्याचं काम. फावड्यानं खड्डा खणायचा, बर्फाची कापलेली भिंत बोटांनी चाचपायची आणि पटलं नाही तर सरळ सांगायचं, "आज नाही." पाहुणे रुसायचे, वाद घालायचे, फोनवरच्या हवामानात ऊन दाखवायचे. हा ढिम्म. परक्याला नाही म्हणताना त्याची जीभ कधी अडखळली नाही. व्याह्यांसमोर मात्र ती टाळूला चिकटायची.

व्याही ओमुरझाक पलीकडच्या खोऱ्यातले. लेक बुरुल त्यांच्या घरी देऊन अजून वर्षही झालं नव्हतं. माणूस ऐसपैस, आणि आवाज असा की ते बोलले की फडताळातल्या वाट्या उत्तर द्यायच्या. निरभ्र आकाश बघून ते घोड्यावरून खिंड ओलांडून आले. मग बर्फ पडला, त्यावर वारा सुटला. आता आकाश पुन्हा मोकळं झालं, तसे व्याही निघायच्या गोष्टी करू लागले. त्यांच्या गावी घोडेस्वारांचा कोक-बोरूचा सामना होता, आणि पंच हेच.

तोलोमुश खिंडीखालच्या उताराच्या पायथ्याशी जाऊन आला. पलीकडचा बर्फ वाऱ्यानं उचलून या अंगाला थापला होता. वरून टणक, पण आत हिवाळ्याच्या सुरुवातीचा जुना बर्फ साखरेसारखा सुटा, दाण्यादाण्याचा. सपाटीवर पाऊल टाकलं तर खालून 'हुंफ' असा आवाज आला, अख्खा तुकडा बसला आणि पुढे भेग पळत गेली. त्यानं बर्फाचा एक खांब कापला, त्यावर फावडं ठेवून तळहातानं थोपटलं. वरचा थर पाटासारखा सुटून त्याच्या मांडीवर आला.

घरी येऊन त्यानं हे सगळं सांगितलं, आणि घोड्याच्या वजनानं अख्ख्या उताराचा बर्फ खाली येईल, हेही.

"मी आलो तेव्हा माझा घोडा पेंगत चालला होता," व्याही म्हणाले.

"तेव्हा वारा नव्हता, व्याहीबुवा. काराकोल शहरावरून, रस्त्यानं जाऊ या ना. घोडा ट्रकात चढवू."

"घोडा ट्रकात, आणि मी त्याच्या शेजारी? मी काय बटाट्याचं पोतं आहे?" व्याही हसले. "वाऱ्याला भिणाऱ्याची लेक केली की काय मी?"

हसण्याला धार होती. हे वाक्य आता बुरुलला रोज चहासोबत ऐकायला मिळणार, हे तोलोमुशला कळलं. तो उठला, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

सकाळी व्याह्यांनी खोगीर कसलं. तेवढ्यात तोलोमुश एक मेंढी ओढत त्यांच्यासमोर घेऊन आला. मेंढी पाहुण्याला दाखवायची, पाहुण्यानं ओंजळ पसरून आशीर्वाद द्यायचा, मगच सुरी. आणि एकदा आशीर्वाद दिला की ते मटण खाल्ल्याशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही. व्याह्यांनी मेंढीकडे बघितलं, मेंढीनं व्याह्यांकडे.

"तुम्ही लबाड आहात," व्याही म्हणाले आणि ओंजळ पसरली.

दिवसभर मांस शिजलं, खाल्लं गेलं. तोलोमुश पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन उताराला मनातल्या मनात विनवत होता, ये रे बाबा खाली, आत्ता ये, ते जेवतायत तोवर. उतार हलला नाही.

दुसऱ्या सकाळी त्यानं दुसरी मेंढी आणली. या खेपेला व्याह्यांनी दोन्ही हात बाह्यांत खुपसले.

"व्याहीबुवा, रीत आहे आपली."

"रीत काल खाल्ली मी. कळप संपेपर्यंत कोंडून ठेवणार का मला?"

मेंढीनं बें केलं. दारात शाइरगुल किटली धरून उभी, ओतायचं विसरलेली. तोलोमुशनं मेंढीची दोरी सोडली आणि घोड्याचा लगाम धरला.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"खिंडीतून जायचं नाही. लगाम मी सोडणार नाही."

"बुरुलच्या सासऱ्याशी बोलताय तुम्ही."

"तिच्याच सासऱ्याशी. तिला दुसरा कुठून आणू?"

व्याह्यांनी लगामाला हिसका दिला, पण तोलोमुशची मूठ सुटली नाही. दुपारी घोडा ट्रकात चढला, व्याही त्याच्या शेजारी बसले आणि निरोपही न घेता काराकोलच्या रस्त्यानं गेले. सामना हुकला.

पुढचे कितीतरी दिवस उतार उन्हात तसाच चकाकत राहिला. एकदा बुरुलचा फोन आला.

"सासरे माझ्या हातचा चहा घेत नाहीत, बाबा."

"तहान लागली की घेतील."

"तो बर्फ आला का खाली?"

"नाही."

"मग मी काय सांगू त्यांना?"

"सांग, अजून वरच आहे."

"बरं," बुरुल म्हणाली, आणि मग गाय व्यायल्याचं सांगू लागली. तोलोमुश ऐकत होता आणि दुसऱ्या हातानं बूट शोधत होता.